भाच्याची सायकल

सायकल म्हटली की तिला पायडल असायचेच, अशी माझी ४७ वर्षांची भोळी समजूत होती. यंदाच्या आषाढात ती खोटी ठरली. घाटंजीच्या माझ्या घरी एका दुपारी भलेमोठे खोके येऊन पडले. ते उघडताना माझा भाचा घामाने निथळत होता आणि मी शिक्षकाच्या धर्माला जागून, काहीही न करता सूचना करीत होतो. खोक्यातून सांगाडा निघाला, चाके निघाली, हँडलाचे तुकडे निघाले, वायसर, बुचे, कागद, सूचनापुस्तिका असे सगळे निघाले. पायडल काही निघेना. मी खोके उपडे करून झटकले. भाचा हसून म्हणाला, “मामा, या सायकलींना पायडल नसते. ते ज्याचे त्याने वेगळे घ्यायचे.”

“आणि किंमत?”

“दोन लाख पंचाहत्तर हजार.”

मी खोक्यावरच बसलो.

एरवी या सदरात मी शब्दांच्या, पुस्तकांच्या नाहीतर वर्गातल्या गमतींच्या चार गोष्टी सांगतो आणि जागा संपली की नमस्कार करतो. दिवाळी अंकात मात्र संपादकांचा हात सैल असतो. तेव्हा यंदा वाचकांना या सायकलीचीच हकीकत सांगतो. तिच्यात थोडे शास्त्र आहे, थोडी गंमत आहे आणि एकोणीस वर्षे मी कोणाला न सांगितलेली एक गोष्टही आहे.

भाचा पुण्याला नोकरी करतो. वय २८. त्याला ट्रायथलॉनचे वेड लागले आहे. आधी पोहायचे, पाण्यातून निघून तसेच सायकलीवर बसायचे आणि सायकल टाकून धावत सुटायचे, अशी ही तीन अंकी शर्यत. तिच्या एका फार कडक प्रकाराला आयर्नमॅन म्हणतात. १९७८ साली हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली, तेव्हा १५ जण निघाले आणि १२ पोचले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉनला ऑलिंपिकमध्येही जागा मिळाली. तिथे अंतर आटोपशीर असते, दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. आपल्या गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या आयर्नमॅनची शर्यत पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल हाकायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचे. सगळे मिळून ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल; म्हणून तिच्या नावातही तो आकडा. हे सगळे साडेआठ तासांत उरकायचे. दिवाळीनंतर भाच्याला त्या शर्यतीला जायचे आहे.

“पुण्यात मोठमोठे तलाव असताना तू घाटंजीला कशाला आलास?” मी विचारले.

“पुण्याला तलाव आहे, पण रस्ता मोकळा नाही. इथे तलाव नाही, पण रस्ता मोकळा आहे. पोहणे येते मला, सायकल यायची आहे.”

हे उत्तर तर्काला धरून होते. पांढरकवड्याकडे जाणारा आमचा रस्ता पहाटे खरोखरच मोकळा असतो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, मध्येच सागाची झाडे. त्या अंगाला टिपेश्वरचे अभयारण्य आहे, आणि अंधार असताना बाहेर पडू नको एवढी एकच अट मी त्याला घातली. सायकलीवर बसणाऱ्यापेक्षा वाघ अधिक चपळ, हे सांगायला ट्रायथलॉन लागत नाही.

आणि विदर्भाच्या पोराने असले काही मनात आणावे यात नवल तरी काय? अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून पोरांना घाम गाळायला लावते आहे. १९३६ साली या मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने सायकलीवर पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटर आणि मुदत बारा दिवसांची. त्याच्या दोनच वर्षे आधी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच शर्यत जोडीने पुरी केली होती. भाच्याच्या खोलीत या मंडळींची चित्रे आहेत. माझ्या काळी त्या जागी नटनट्या असत.

पण चित्रे भिंतीवर लावायला पैसे पडत नाहीत, सायकलीला पडतात. माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, तालुक्यातल्याच एका खेड्यात राहते. मेहुणे गेल्यापासून तीन एकरांचे कोरडवाहू रान ती एकटी पाहते. तिने सायकलीची किंमत ऐकली आणि रुपयांचा हिशेब कापसात केला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने ही सायकल साडेछत्तीस क्विंटलांची झाली. आमच्याकडे कोरडवाहू एकरात पाचसहा क्विंटल निघाला तर माणूस देवाला नारळ फोडतो. “म्हणजे माह्या रानातला दोन वर्षांचा कापूस,” ताई म्हणाली, “आन् त्याले पायडल नाही.”

यावर भाच्याकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. पैसे त्याच्या पगाराचे होते, हप्ते त्याचे होते. पण ज्या जिल्ह्यात कापसाच्या कर्जापायी माणसे जीव देतात, त्या जिल्ह्यात असल्या वस्तूचे खोके दारात उघडताना शेजाऱ्यांकडे पाहवत नाही, हेही तितकेच खरे होते. भाचा म्हणाला, “मामा, ही काय कामाची असे लोक म्हणतील ना?” मी म्हटले, “मराठीचे एम. ए. झालो तेव्हा मलाही हेच विचारले होते.”

असो. सायकल आली होती, आता ती जुळवायची होती. या सायकलीच्या पुढच्या भागाला, म्हणजे हँडल आणि त्यावरच्या सगळ्या सरंजामाला, कॉकपिट म्हणतात. शब्द ऐकून माझे कान टवकारले. वैमानिकाच्या बसण्याच्या जागेचा हा शब्द मुळात कोंबड्यांच्या झुंजीच्या खड्ड्याचा. आमच्या वणी-झरीकडचा कोंबडबाजार ज्याने पाहिला असेल त्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. या कॉकपिटमध्ये खाली बैलाच्या शिंगांसारखा पुढे वळलेला मुख्य दांडा असतो आणि ब्रेक त्याच्या टोकांना असतात. त्याच्या वर, मध्यभागी, दोन नळ्या सरळ पुढे जातात. कोपराजवळ दोन लहान उश्या असतात. स्वाराने कोपरे उश्यांवर टेकायची, हात जवळ घेऊन नळ्यांची टोके अंगठे वर करून धरायची आणि पाठ सपाट करून, मान खाली घालून चालू लागायचे. दुरून पाहिले तर माणूस देवापुढे दंडवत घालता घालता सायकलीवर अडकला आहे असे वाटते.

हा खटाटोप कशासाठी? वाऱ्यासाठी. आपण सायकल हळू चालवतो तेव्हा वारा अंगाला गार लागतो आणि बरे वाटते. पण सपाट रस्त्यावर ताशी पस्तीस किलोमीटरच्या घरात वेग गेला की तोच वारा छातीवर हात ठेवून मागे लोटू लागतो, आणि पायांतली बहुतेक शक्ती त्याच्याशी झगडण्यातच खर्ची पडते. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्यापायी लागणारी शक्ती आठपट होते. त्यातही वारा सायकलीला फारसा अडवत नाही, माणसाला अडवतो. इतर शर्यतींत दुसऱ्याच्या पाठीमागे दडून वारा चुकवता येतो. आयर्नमॅनमध्ये तसे करायला बंदी आहे. ज्याचा वारा त्यानेच कापायचा. म्हणून अंग लहान करायचे.

ही युक्ती सुचली ती बून लेनन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाला, आणि तीही बर्फावरून. तो स्कीइंगचा शिक्षक. उतारावरून येणारे खेळाडू हात पुढे जुळवून अंग कसे आवळून घेतात हे तो रोज पाहत असे. १९८७ च्या सुमारास त्याने तसेच हँडल सायकलीला बसवले आणि ट्रायथलॉनच्या मंडळींनी ते उचलले. सायकलीच्या शर्यतीतले जुने जाणते लोक नाक मुरडत राहिले. मग १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस उजाडला. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर, एकेकट्याने. ग्रेग लेमाँड पन्नास सेकंदांनी मागे होता. त्याने हे नवे हँडल लावले होते. लोरां फिन्यों जुन्याच हँडलावर, उघड्या डोक्याने, शेंडी उडवीत आला. तीन आठवड्यांची ती शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली. त्यानंतर नाके सरळ झाली.

आता ही सायकल जुळवायची कोणी, हा प्रश्न होता. आमच्या बाजारातले मिस्त्री पन्नास वर्षे सायकली दुरुस्त करीत आहेत. तारा ओढून चाकाचा आउट काढावा तर त्यांनीच. भाच्याने मोबाइलवर सगळे पाहून ठेवले होते, मिस्त्रींच्या हातांत सगळे होते. मी दोघांमध्ये दुभाषा म्हणून उभा राहिलो.

मिस्त्रींनी सायकलीला एक प्रदक्षिणा घातली. “सर, घंटी नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. ही सायकल हाय का रुसलेली नवरी? अंगावर एक दागिना नाही.” मग त्यांनी डाव्या हाताचा ब्रेक दाबला आणि पुढचे चाक थांबले. ते गंभीर झाले. “हे उलटं हाय.”

त्यांचे बरोबर होते. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. ही सायकल अमेरिकेच्या रिवाजाने जोडलेली आली होती. थांबताना अंगाचा भार पुढे येतो म्हणून खरा आवर पुढचाच ब्रेक घालतो. मिस्त्रींनी भाच्याकडे पाहिले, त्याच्या डाव्या हाताकडे पाहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “याचा म्होरला ब्रेक तं उजव्याच हाताले पायजे.”

मी मान खाली घातली. का, ते पुढे सांगतो.

ब्रेक बदलणे सोपे नव्हते. भाच्याने पैसे वाचवायला आदल्या वर्षीचे मॉडेल घेतलेले, त्यामुळे ब्रेक रिमला धरणारे आणि तारेचे होते. हल्लीच्या चकतीच्या ब्रेकांचा तेलपाण्याचा कारभार तरी वाचला. पण वारा अडू नये म्हणून या तारा हँडलाच्या आणि सांगाड्याच्या पोटातून जातात. एकदा तार बाहेर काढली की ती आत पुन्हा कशी न्यायची? भाच्याने मोबाइलवर पाहून बारीक लोहचुंबक आणले. तार वळणावर अडकून बसे. दुपारभर आम्ही तिघे वाकून भोकात पाहत होतो. शेवटी मिस्त्री उठले, शेजारच्या गादीवाल्याकडून बोटभर कापूस आणला, त्याची सैलशी गुंडी करून तिला शिवणाचा लांब दोरा बांधला, गुंडी भोकात घातली आणि हवा भरायच्या यंत्राची नळी भोकाला लावली. फुस्स झाले आणि दुसऱ्या टोकातून कापूस बाहेर आला, मागे दोरा घेऊन. दोऱ्याला तार बांधली, ओढली, काम झाले. साडेछत्तीस क्विंटलांच्या सायकलीत बोटभर कापूस आणखी गेला, एवढेच.

सीटची उंची ठरवायलाही एक रीत आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट धरायचे आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणले की पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर येते. घरात जाड पुस्तकांना तोटा नव्हता. मी मोल्सवर्थचा कोश काढून दिला. १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा कोशकाराने या उपयोगाची कल्पनाही केली नसेल. माप ८२ सेंटिमीटर आले, सीट ७२.४ वर बसली. हा केवळ आरंभाचा आकडा. पुढे गुडघा सांगेल तसे दोनचार मिलिमीटर वरखाली करायचे. या सायकलीत सीट नेहमीपेक्षा पुढे, जवळजवळ पायडलच्या डोक्यावर येते. वाकल्यावर मांड्या पोटावर आदळू नयेत आणि उतरल्यावर धावायला पाय शिल्लक राहावेत म्हणून. त्याच कारणाने भाच्याने पायडलचे दांडे थोडे आखूड घेतले. आमच्या रस्त्यांचा मान राखून टायर २५ मिलिमीटरांचे काढून २८ चे घातले आणि हवा थोडी कमी ठेवली. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा कडक टायर उड्या मारतो आणि उड्यांत वेग जातो.

मिस्त्री सगळ्यांत खूष झाले ते एका पान्यावर. कार्बनचा दांडा फार आवळला तर चिरतो, म्हणून ठरलेल्या जोरापर्यंत पिळले की हा पाना ‘टक्’ असा आवाज करतो आणि सोडून देतो. मिस्त्रींचा हात नट कण्हेपर्यंत पिळायचा. चारपाच वेळा टक् ऐकल्यावर ते म्हणाले, “सर, असा पाना मानसाच्या तोंडाले पायजे. पुरे झालं का टक् वाजला पायजे.” आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी या पान्याची फार आठवण काढतो.

अशी सायकल जुळली. पण स्वार जुळेना. भाचा उश्यांवर कोपरे टेकून अर्धा तास चालवी, की त्याची पाठ वाकडी होई. डावा खांदा पुढे ओढला जाई, कंबर सीटवर एका बाजूला घसरे आणि तासाभराने उजवा गुडघा दुखू लागे. आम्ही उश्या पुढे घेतल्या, मागे घेतल्या, पट्टीने मिलिमीटर मोजून डावी-उजवी अगदी सारखी केली. जितकी सारखी करावी तितके दुखणे वाढे. मला कारण ठाऊक होते. त्यालाही असावे. आम्ही दोघेही त्याबद्दल बोलत नव्हतो.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तासिकेवर शिकवणारा नवा मास्तर होतो आणि भाचा नऊ वर्षांचा. माझ्याकडे दांड्याच्या ब्रेकची जुनी काळी सायकल होती. मिस्त्रींनी दोनदा बजावले होते, “सर, ब्रेकचे रबर गेले, बदलून घ्या.” रबराला किती पैसे पडले असते? चहाचे. पण मी उद्या-उद्या करीत राहिलो. एका संध्याकाळी पोराला दांडीवर बसवून नदीच्या उतारावरून येत होतो. खाली बैलगाडी आडवी होती. ब्रेक दाबला, तो लागला नाही. मी रस्त्याच्या कडेला सायकल घातली. मला खरचटले. पोराच्या डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडे मोडली.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेण्याऐवजी, रात्र झाली, पैसे नाहीत, ताईला लगेच कळू नये, अशी सगळी कारणे मनाशी जुळवून मी त्याला एका हाड बसवणाऱ्याकडे नेले. कामट्या बांधून त्याने हात बसवला. तो वाकडा बसला. आज तो हात उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे आणि तळवा पुरता खाली वळत नाही. ताईने मला त्याबद्दल एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर मी रडून मोकळा झालो असतो. ती जेवायला वाढी, भाऊबीजेला ओवाळी. फक्त त्या सायकलीचे नाव तिने कधी काढले नाही. मी ती सायकल माळ्यावर टाकली आणि पुन्हा तिच्यावर बसलो नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही ताईकडे गेलो. तो खांदशेकणीचा दिवस. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे निबर होतात, त्यांना त्या दिवशी हळद-तूप लावून चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. पडवीत भाचा सायकल घोडीवर चढवून जागच्या जागी चालवत होता, मी पट्टी घेऊन उश्यांमधले अंतर मोजत होतो आणि ताई अंगणात बैलाचा खांदा चोळत होती. चोळता चोळता ती किती वेळ आमच्याकडे पाहत होती कोण जाणे. हळदीच्या हातांनीच ती पडवीत आली.

“दोन्ही बाजू सारख्या कायले मोजून राहिला रे तू? त्याचे हात सारखे हायेत का?”

मी पट्टी खाली ठेवली.

“एक बैल कमजोर असला तर आपण काय करतो? जुवाची बांधनी मधात ठेवतो का? धडधाकट बैलाकडं सरकवतो. कमजोराकडची बाजू लांब राह्यते, वझं दुसऱ्यावर जाते, आन् जोडी सरळ चालते. मधात बांधली तर तास वाकडं जाते.” ती भाच्याच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली, “हे पाय, वाकडंच तं चाललं हाय.”

तरफेचा नियम मी शाळेत घोकला होता. ती तो दरवर्षी रानात वापरत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आम्ही मिस्त्रींकडे गेलो. डाव्या नळीचे टोक दोन सेंटिमीटर कापायचे ठरले. नळी ॲल्युमिनियमची, पण पावणेतीन लाखांच्या वस्तूला करवत लावायची म्हणजे मिस्त्रींचाही हात थबकला. “सर, तुमी धरा घट्ट,” ते म्हणाले. मी धरली. भुसा माझ्या हातांवर पडत होता. मग डाव्या उशीखाली पाच मिलिमीटरांची एक चकती जास्त घातली आणि उशी किंचित बाहेर वळवली. भाचा बसला. पाठ सरळ. त्याने दोनदा खांदे हलवून पाहिले आणि काही न बोलता हसला.

मग एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. साध्या हँडलावर तळवा खाली वळवून धरावे लागते, आणि डावा हात तसा वळत नसल्याने लहानपणापासून प्रत्येक सायकल त्याला मनगटात टोचत आली होती. या सायकलीवर हात अंगठा वर करून राहतो, भार कोपराजवळच्या उशीवर जातो. “मामा, मी ही सायकल वेगासाठी घेतली असे सगळ्यांना सांगतो. खरे म्हणजे मनगट न दुखता चालवता येणारी हीच पहिली सायकल.” मी मिस्त्रींच्या खोक्यातले छर्रे मोजू लागलो.

तेवढ्यात लाकडी बैल घेतलेली पोरे दुकानाशी आली. मिस्त्रींनी प्रत्येकाच्या हातावर बोजारा ठेवला आणि शेवटी शिंगांचे हँडल धरून उभ्या असलेल्या माझ्या भाच्याच्या हातावरही एक रुपया ठेवला. “तुहाही बैल चांगला हाय.”

मी निघालो तसे त्यांनी मला थांबवले. “सर, माळ्यावरची तुमची काळी आनून द्या. लोखंडाले काय होत नाही.” आठ दिवसांनी ती नव्या टायरांची, तेलपाणी केलेली होऊन आली. ब्रेकची चारही रबरे नवी. त्यांचे पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत.

परवा ताई घाटंजीला आली होती. भाच्याला पहाटे ९० किलोमीटर पुरे करायचे होते. शेवटच्या टप्प्यात पाण्याची बाटली घेऊन मी वाघाडीच्या पुलावर थांबावे असे ठरले. तो उजाडताच निघून गेला होता. दोन तासांनी मी काळी सायकल अंगणात काढली, बाटल्या हँडलाला टांगल्या, धोतराची आठवण यावी इतक्या सावधपणे पँटचा पाय मोजात खोचला. ताई ओट्यावर तांदूळ निवडीत होती. तिने सायकलीकडे पाहिले, पुन्हा सुपाकडे पाहिले. मी फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

“ब्रेक पाह्यले का रे?”

एकोणीस वर्षांनी तिने विचारले होते. मी दोन्ही दांडे दाबून दाखवले.

“पाह्यले, ताई.”

“मंग जा. सावकाश जा.”